परिचित कवितेचे परीक्षेतील विश्लेषण : ‘जोगिया’च्या निमित्ताने

साहित्याच्या परीक्षेत नेमलेल्या एकाच कवितेवर उत्तर लिहिणे हे सर्वांत सुलभ काम होय, अशी समजूत विद्यार्थ्यांत रूढ आहे. कविता आधी वाचलेली असते, वर्गात तिचे विवरण झालेले असते, वहीत टिपणे असतात. प्रश्न कोणत्याही शब्दांत आला तरी तो याच कवितेवर येणार हे निश्चित असते. परीक्षकांचा अनुभव मात्र पुष्कळदा याच्या उलट असतो. अपरिचित उतारा समोर आला म्हणजे विद्यार्थी निदान तो वाचतो. परिचित कवितेवर प्रश्न आला म्हणजे तो कविता वाचण्याचे थांबवून तिच्याविषयी पूर्वी जे ऐकले आहे ते आठवू लागतो. उत्तरात कवीचा जन्म येतो, काव्यसंग्रहांची नावे येतात, आशयाचा सारांश येतो आणि शेवटी दोनचार अलंकार व एक रस यांची नोंद होते. या सगळ्यात चुकीचे असे कित्येकदा काहीच नसते. परंतु त्यातील बहुतेक वाक्ये त्याच कवीच्या दुसऱ्या एखाद्या कवितेला लावली तरी बिघडत नाही. आणि जे वाक्य दुसऱ्या कवितेलाही तितकेच लागू पडते, त्याला या कवितेचे विश्लेषण म्हणता येत नाही.

केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्‌स यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव व काळ न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय तपासून १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ सिद्ध केला. नाव झाकले असताना सुशिक्षित वाचकही किती गोंधळतो, ठरीव प्रतिक्रियांच्या आधाराने कसा चालतो, हे त्यातून दिसून आले. त्या प्रयोगाची आपल्याकडे बरीच चर्चा झाली आहे. तथापि आपल्या परीक्षांतील अडचण त्याहून निराळी आहे. येथे नाव झाकलेले नसते. ते फारच ठळक असते, आणि ठरीव प्रतिक्रिया त्या नावातूनच उगवते.

याचे अगदी जवळचे उदाहरण आटपाडी परिसरात सापडते. पूर्वी औंध संस्थानात असलेला, १९४८ च्या विलीनीकरणानंतर साताऱ्याकडे आलेला, १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेलेला आणि १९६० पासून सांगली जिल्ह्याचा म्हणून ओळखला जाणारा हा दुष्काळी मुलूख. या मुलखाने मराठीला जितके लेखक दिले तितके देण्याचे भाग्य कित्येक सुपीक तालुक्यांना लाभलेले नाही. शंकरराव खरात आटपाडीचे, ना. सं. इनामदार गोमेवाडीचे, व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे, आणि त्यांचे ज्येष्ठ बंधू ग. दि. माडगूळकर यांचा जन्म १९१९ साली शेटफळे येथे झालेला. या भागातील विद्यार्थ्याने माडगूळकरांचे घर पाहिलेले असते, त्यांच्या बालपणाच्या हकिकती वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या असतात, वडील औंध संस्थानच्या नोकरीत होते हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. अशा विद्यार्थ्यापुढे माडगूळकरांची कविता नेमलेली म्हणून आली की त्याची लेखणी आपोआप एका वाक्याकडे वळते: कवीच्या शब्दाशब्दांतून माणदेशच्या मातीचा गंध दरवळतो.

आता ही कविता ‘जोगिया’ आहे असे समजू. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जोगिया’ या संग्रहाला जिने नाव दिले ती ही कविता. तिच्यात माती नाही. माळ नाही, मेंढरे नाहीत, पाऊस नाही. गालिचा, तक्के, झुंबर, सतार, पैंजण आणि विड्याचे तबक असलेली ती एक खोली आहे. मैफल संपलेली आहे. एक गाणारी स्त्री जागी आहे. माणदेशी गंधाचे वाक्य या खोलीत ठेवावयास जागाच नाही. तरीही ते लिहिले जाते, कारण ते विद्यार्थ्याला कवितेआधी भेटलेले असते. ज्या कवीविषयी आपल्याला सर्वांत अधिक आत्मीयता आहे, त्याचीच कविता आपल्याला दिसेनाशी व्हावी, हा या प्रकारातला खरा तोटा होय. गुणांचा तोटा त्यामानाने किरकोळ.

पुढील विवेचनात कडवी उद्‌धृत केलेली नाहीत. कविता वाचकाजवळ आहे असे गृहीत धरले आहे. परीक्षेतही संपूर्ण कडवे उतरवून काढण्याची आवश्यकता नसते. पुरावा म्हणून एखादा शब्द, क्वचित एखादे क्रियापदाचे रूप पुरते. मात्र ते नेमके आठवावे लागते. अखंड कडवे लिहून त्याखाली ‘यावरून स्पष्ट होते की’ असे म्हणणे म्हणजे पुराव्याचे गाठोडे परीक्षकाच्या हाती देऊन त्यातला योग्य तो शोधून घेण्याची विनंती करणे होय.

प्रथम प्रश्न असा की, कवितेबाहेरचे ज्ञान उत्तरात यावे की नाही. ‘फक्त कविता, बाकी काही नाही’ हा काटेकोर नियम वर्गात सांगण्यास बरा; प्रत्यक्षात तो टिकत नाही. ‘जोगिया’ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला शीर्षकच कळणार नाही. जोगिया हा भैरव थाटातील, कोमल ऋषभ-धैवतांचा, पहाटेचा राग. त्याच्या नावात जोगी आहे, आणि त्याची प्रकृती करुण व विरक्त मानली जाते. हे ज्ञान कवितेबाहेरचे असले तरी कवितेने ते मागितले आहे. नायिका रात्री गुणगुणू लागते आणि राग जोगिया आहे, याचा अर्थ रात्र सरत आली आहे, आणि शृंगाराच्या खोलीत विरक्तीचा सूर आला आहे. तसेच कवितेच्या मध्यभागी पाण्यावर तरंगणाऱ्या गाथेचा उल्लेख येतो. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या व त्या पुन्हा वर आल्या, ही कथा ज्याला माहीत नाही त्याला त्या जागी निव्वळ एक सुंदर चित्र दिसेल. ज्याला माहीत आहे त्याला दिसेल की, बुडवूनही न बुडणाऱ्या कशाची तरी गोष्ट आता सुरू होणार आहे.

यावरून एक व्यवहार्य कसोटी हाती येते. कवितेतील एखादा शब्द ज्या माहितीला हाक मारतो ती माहिती उत्तरात यावी. जिला कोणताही शब्द हाक मारीत नाही ती येऊ नये, मग ती कितीही खरी असो. ‘गाथा’ हा शब्द देहूला हाक मारतो. ‘कंचनी’ हा शब्द शाहिरी परंपरेला, लावणीतील स्त्रीमुखाने बोलण्याच्या संकेताला हाक मारतो. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटासाठी माडगूळकरांनी लेखन केले होते हे सत्य आहे आणि त्यांचा शाहिरी वाङ्मयाशी निकट परिचय होता हेही सत्य आहे. परंतु उत्तरात चित्रपट येण्याचे कारण नाही, लावणीचा संकेत येण्याचे आहे. माडगुळे गावाला तर या कवितेतील एकही शब्द हाक मारीत नाही. दुसऱ्या एखाद्या कवितेत तो मारील. तेथे गाव अवश्य यावे.

यानंतर प्रत्यक्ष विश्लेषणाला कोठून आरंभ करावा? आशयापासून करावा असे बहुतेक टिपणे सांगतात. आशय म्हणजे बहुधा सारांश: एका गणिकेकडे एकदा एक तरुण आला, त्याने प्रेम व्यक्त केले, तिने हसून दाम वाढविण्यास सांगितले, तो निघून गेला, आणि ती आता दरवर्षी त्याची आठवण पाळते. सारांश खोटा नाही. परंतु तो लिहिला की विद्यार्थ्याला कविता संपल्यासारखी वाटते, आणि उरलेल्या पानांत तो ‘पतितेच्या अंतरीचे पावित्र्य’ या विषयावर निबंध लिहू लागतो. त्याऐवजी एक साधा व्याकरणिक प्रश्न आधी विचारावा: कोण कोणाशी बोलत आहे?

आरंभी खोली वर्णिली आहे ती तृतीयपुरुषी. लगेच निवेदक त्या स्त्रीला द्वितीय पुरुषी एकवचनात विचारू लागतो की, तिला अजून झोप का नाही. त्याची क्रियापदे ‘होसी’सारख्या जुन्या ‘सी’कारान्त रूपांची आहेत. ही रूपे बोलण्यातली नव्हेत. पंडिती आणि शाहिरी काव्यातून आलेली आहेत. निवेदक तिच्याशी बोलतो खरा, पण ती ऐकत असेल असे त्या रूपांवरून वाटत नाही. तो पाहणारा आहे. तिच्या हातांकडे, मानेकडे, कंठाकडे पाहतो. तिच्या डोळ्यांतल्या पाण्याविषयी विचारणारा आवाज मात्र त्याचा नाही. तो खोलीतील आरशांचा आहे, आणि ते तिला ‘मैना’ म्हणतात. पाहुणे गेल्यावर जिच्या खोलीत बोलावयास आरसेच उरले, तिला पहिल्यांदा रडण्याचे कारण विचारणारे तिचेच प्रतिबिंब असावे, ही या कवितेतील एकाकीपणाची सर्वांत स्पष्ट खूण आहे; पण ‘एकाकीपणा’ हा शब्द कवितेत कोठेही नाही.

मग ती बोलू लागते आणि शेवटपर्यंत तीच बोलते. मराठीत वर्तमानकाळी प्रथमपुरुषी क्रियापदही लिंग सांगते. ‘घेते’ म्हणताच बोलणारी स्त्री आहे हे कळते, निराळे सांगावे लागत नाही. त्यामुळे निवेदक केव्हा गप्प झाला आणि ती केव्हा बोलू लागली, हे क्रियापदच दाखविते. ती कोणाशी बोलते? आरंभी तिच्या बोलण्यात ‘गं’ आहे. म्हणजे ऐकणारी स्त्री आहे: आरशातली ती स्वतः, किंवा सखी मानलेले ते प्रतिबिंब. पुढे, त्या रात्रीच्या तिथीची आठवण निघते तेव्हा त्याच तोंडून ‘हो’ येते. ‘गं’ जाऊन ‘हो’ आले, तेव्हा ऐकणारा बदलला काय? आरशापुरते असलेले बोलणे आता सगळ्या जगापुढे गेले, असा त्याचा अर्थ लावता येईल. ‘हो’ हा संबोधनाचा नसून केवळ कळवळ्याचा उद्‌गार आहे, असेही म्हणता येईल. पहिला अर्थ अधिक बळकट वाटतो, कारण तोपर्यंतची कबुली खाजगी आहे आणि त्यानंतरचे व्रत हे पाळण्याचे, म्हणजे सांगता येण्याजोगे, आहे. परंतु दुसरा अर्थ मांडणाऱ्या विद्यार्थ्यालाही पूर्ण गुण द्यावयास हवेत, जर त्याने हे अव्यय पाहिले असेल तर. ज्याला ते दिसलेच नाही त्याने लिहिलेला ‘संवादात्मक शैली’ हा शब्दप्रयोग कितीही प्रौढ असला तरी त्याखाली काही नाही.

या कवितेतील सर्वांत मोलाची भाषिक घटना मात्र तिच्या आणि त्या तरुणाच्या दोन छोट्या संवादांत आहे. तो तिला ‘तू’ म्हणतो. ती त्याला आदरार्थी आज्ञार्थाने उत्तर देते; दाम वाढवावयास, पुन्हा यावयास, पान घ्यावयास सांगते ते ‘घ्या’ या रूपाने. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे येथे आदर तिच्या बाजूला आहे आणि सलगी त्याच्या. अर्थ नेमका उलटा आहे. त्याच्या ‘तू’मध्ये तिला माणूस म्हणून जवळ घेणे आहे, तिच्या ‘घ्या’मध्ये गिऱ्हाईक म्हणून दूर ठेवणे आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांचा अभ्यास करून सत्ता आणि जवळीक या दोन अक्षांवर त्यांची मांडणी केली. त्या मांडणीत ‘घ्या’चा हा तिसरा उपयोग, दुकानाचा आदर, सहज बसत नाही. आटपाडीच्या आठवडी बाजारात वाढलेल्या विद्यार्थ्याला मात्र तो कोणी शिकवावा लागत नाही. ‘या, बसा, घ्या’ म्हणणाऱ्याच्या आवाजात मान किती आणि हिशेब किती, हे त्याला लहानपणापासून ऐकू येत असते. येथे त्याचा मुलूख खरोखर उपयोगी पडतो. कवीचे गाव त्याला जे देऊ शकत नाही ते त्याचा स्वतःचा कान देतो. दुर्दैवाने प्रमाणभाषेच्या धाकाने परीक्षेच्या वेळी तो कान घरी ठेवून येतो.

शब्दसंग्रहाकडे वळले म्हणजे दोन गट लगेच वेगळे होतात. ‘मोल’, ‘दाम’, ‘व्यापार’ हे बाजाराचे शब्द. ‘तुळस’, ‘तिथी’, ‘ध्यान’, ‘व्रतस्थ’ हे देवघराचे. भांग आणि तुळस यांचा विरोध तर उघडच आहे, आणि तो तरुण कृष्णाच्या नावांनी ओळखला जातो हेही बहुतेकांना दिसते. इतके लिहून उत्तर थांबते. पण दोन गट दाखविणे ही विश्लेषणाची सुरुवात आहे. खरा प्रश्न असा की, दोन्ही गटांत वावरणारा शब्द कोणता? तो ‘विडा’ आहे. मैफलीत विडा गिऱ्हाइकाला द्यावयाचा असतो. पूजेत तोच देवापुढे ठेवावयाचा असतो. पान तेच, लवंग तीच. कवितेच्या प्रारंभी तबकात देठ, लवंगा व साली उरल्या आहेत. हा धंद्याच्या विड्यांचा केर. त्याच खोलीत ती एक नवा विडा अतिशय जपून घडवीत आहे, मान कलती करून त्याची कुसर पाहत आहे. पहिल्या वाचनात हे केवळ विलासाचे तपशील वाटतात.

कळते ते पुढे. त्या रात्री ती पान लावीत असतानाच तो निघून गेला. तिचे चुन्याचे बोट तसेच राहिले. विडा पुरा झालाच नाही. आज दरवर्षीच्या त्याच तिथीला ती जो घडविते तो हाच, तेव्हा अर्धवट राहिलेला विडा. लवंग ठसून ती तो पुरा करते, आणि नेमक्या त्या क्षणी तिला भान उरत नाही. आरंभी रसिकांना डावलून दार का लावले, या निवेदकाच्या प्रश्नाचे उत्तरही अगदी शेवटी मिळते: आज ती व्रतस्थ आहे, आज व्यापार बंद आहे. म्हणजे ही कविता शेवटाकडून पुन्हा वाचावी लागते. पहिल्या कडव्यातले सैल पडलेले पैंजण थकव्याचे आहेत असे वाटले होते. ते वास्तविक आजच्यापुरते उतरून ठेवलेले आहेत, असा अर्थ दुसऱ्या वाचनात शक्य होतो. अशा कवितेचे उत्तर कडव्यांच्या क्रमाने लिहिणे हा तिच्यावर अन्याय आहे. क्रमाने सांगितले की रहस्य रहस्यच राहत नाही, सारांश होतो.

आणखी एक बारीक गोष्ट. शेवटच्या ओळीत ‘एकदा’ हा शब्द आहे: वर्षातून एकदा. हाच शब्द तो तरुण प्रथम आला त्या कडव्यातही आहे. दोन्ही ठिकाणी तो ओळीच्या त्याच जागी, पहिल्या पाच मात्रांनंतर, येतो. त्याचे ‘एकदा’ म्हणजे योगायोगाने, घटकाभराच्या विसाव्यासाठी. तिचे ‘एकदा’ म्हणजे नेमाने, न चुकता. एका क्रियाविशेषणाने अपघाताचे व्रत झाले. त्याचप्रमाणे ‘खाली’ हा शब्द पाहावा. आरंभी तक्के खाली झुकले आहेत. तो तरुण खाली निघून जातो. पुढे पुन्हा तो तुटत्या ताऱ्यासारखा खालती जातो. खोली माडीवर आहे असे कविता कोठेही सांगत नाही, ते या शब्दावरून कळते. खाली जाणे म्हणजे साधा जिना उतरणे. परंतु तारा तुटल्यावर जे खाली जाते ते परत वर येत नसते.

वृत्ताविषयी थोडक्यात. ओळ बावीस मात्रांची आहे; शेवटचे अक्षर लघू असेल तेथे ते दीर्घ धरावे लागते. यमक दोन दोन ओळींचे. वृत्ताचे नाव सांगून विद्यार्थी बहुधा पुढे जातो, आणि ‘करिते’, ‘पाळिते’ यांसारखी रूपे आली की ‘वृत्तासाठी घेतलेले स्वातंत्र्य’ अशी नोंद करतो. मोजून पाहिले तर हे खरे ठरत नाही. ‘करते’ व ‘करिते’ यांच्या मात्रा चारच. ‘पाळते’ व ‘पाळिते’ यांच्या पाचच. लेखी मात्रांच्या दृष्टीने कवीला ‘इ’ची गरज नव्हती. बोलण्यात ‘करते’मधील ‘र’ अर्धा होतो, ‘करिते’मध्ये तो मोकळा राहतो आणि शब्द संथ होतो, शिवाय हे रूप जुन्या धार्मिक पद्यातले आहे. दाम वाढवा म्हणणारी जी बाजाराच्या साध्या बोलीत बोलली, ती व्रत सांगताना ओव्या-अभंगांच्या व्याकरणाकडे सरकते. हे निरीक्षण करण्यास बोटांवर मात्रा मोजण्यापलीकडे काही लागत नाही.

अशा मोजणीलाही मर्यादा आहे, हे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना विशेष सांगावयास हवे. रोमान याकोबसन आणि क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ मध्ये बोदलेरच्या मांजरांवरील सुनीताचे अक्षर न् अक्षर तपासून त्यातील असंख्य समांतर रचना दाखविल्या. मिखाएल रिफातेर यांनी १९६६ मध्ये विचारले की, यांपैकी किती रचना वाचकाला वाचताना जाणवतात? हा प्रश्न परीक्षेतही स्वतःला विचारावा. ‘एकदा’ची पुनरावृत्ती जाणवते, कारण तिच्यावर कवितेचा शेवट उभा आहे. ‘र’ हा वर्ण किती वेळा आला याची गणना केली तर आकडा निघेल. परंतु त्या आकड्याने कवितेतले काहीही हलत नाही.

रसाच्या प्रश्नावर ‘करुण’ असे एका शब्दात लिहून मोकळे होणारे पुष्कळ. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने करुण आणि विप्रलंभ यांत भेद केला आहे: करुण निरपेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशा नसलेला, विप्रलंभ सापेक्ष, आशा असलेला. तरुण मेलेला नाही. तो येणार नाही असे ती स्वतःच म्हणते, तेही प्रश्नार्थक वाक्यात. आणि तरीही तिचे अंतःकरण त्याला पुन्हा पुन्हा धुंडाळते. जिला आशा नाही ती विडा कोणासाठी घडविते? आणि जिला आशा आहे ती वर्षातून एकच दिवस दार का लावते? दार लावल्यावर तो तरी आत कसा येणार? या प्रश्नांतून जाऊन जो विद्यार्थी ‘करुण’ म्हणेल त्याचा करुण रस खरा. विप्रलंभ म्हणणाऱ्यालाही आधार आहे. ‘पतितेचा उद्धार’ म्हणणाऱ्याला मात्र फारसा नाही: उद्या दार उघडणार आहे, गालिचा पुन्हा पसरणार आहे, आणि ‘एकदा’ हा शब्द तेही सांगतो.

हे सर्व एका उत्तरात लिहावयाचे नाही, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे. शालान्त पातळीवर रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे देण्यात येतात. त्या वयाला ती सोय ठीक आहे. पदव्युत्तर विद्यार्थी मात्र तेच तीन कप्पे घेऊन येतो आणि प्रत्येकात थोडे थोडे भरतो. आशय एका कप्प्यात गेला आणि ‘घ्या’ हे क्रियापद दुसऱ्यात, म्हणजे त्या क्रियापदातच आशय होता ही गोष्ट कायमची निसटली. दोष सर्वस्वी त्याचा नाही. ‘रसग्रहण करा’ एवढाच प्रश्न काढणारा प्राश्निक त्याला दुसरे काय करावयास सांगतो?

प्रश्न नेमका असेल तर निवडही नेमकी करता येते. ‘जोगिया’तील निवेदनपद्धती विचारली तर उत्तराचा कणा निवेदक, आरसे आणि ती स्वतः हा आवाजांचा क्रम, विडा तेथे एका वाक्यापुरता. स्मृतीचे स्वरूप विचारले तर काळ, ‘एकदा’ आणि शेवटाकडून होणारे पुनर्वाचन. मग ‘गं’ व ‘हो’ यांना जागा मिळेलच असे नाही. विड्याच्या प्रतिमेविषयी विचारले तर पहिले वाक्य असे काहीसे असावे: ‘त्या रात्री चुन्याचे बोट तसेच राहून जो विडा अपुरा राहिला, तोच नायिका दरवर्षी पुरा करते, म्हणून हा विडा एकाच वेळी धंद्याचे साधन, चुकीची कबुली आणि पूजेचे उपचारद्रव्य ठरतो.’ या वाक्यात कवीचा जन्म नाही, संग्रहाचे नाव नाही, अलंकाराचे नाव नाही. पण ते दुसऱ्या कोणत्याही कवितेविषयी लिहिता येणार नाही. यापुढील प्रत्येक परिच्छेदाने या वाक्यातील एकेक शब्द सिद्ध करावयाचा: धंदा तबकातील केरावरून आणि ‘घ्या’वरून, कबुली थांबलेल्या हातावरून, पूजा तिथी व व्रत यांवरून.

अभ्यासाच्या काळात कविता पाठ करावी काय, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. पाठ झाली तर उत्तम. ही कविता गुणगुणता येण्याजोगी असल्याने ती लवकर पाठ होते, आणि धोका तेथेच आहे, कारण चालीवर आलेली ओळ शब्द ऐकू देत नाही. यास्तव एकदा तरी ती चाल सोडून, वर्तमानपत्रातील मजकूर वाचावा तशी सपाट आवाजात वाचावी, आणि प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात कर्ता लिहावा. असे केले की एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या भागात तिच्याखेरीज कर्ते बहुतेक वस्तू आहेत: सतार झोपते, पैंजण अंग टाकतात, तक्के झुकतात, आरसे बोलतात. तरुणाच्या स्मृतीच्या भागात त्याच्याकडे येणे, बोलणे आणि निघून जाणे एवढ्याच क्रिया आहेत. शेवटच्या कडव्यात घडविणे, ध्यान करणे आणि तिथी पाळणे या तिन्ही क्रियांची कर्ती तीच आहे. आणि अगदी अखेरच्या ओळीतील क्रियापदाचा कर्ता मात्र ती नाही, तरुण नाही, तर तो राग आहे.